तीन ग्लास पाण्याबद्दल, मामा, तुमचे आभार

आदरणीय रंगारी मामांस,
सा. न. वि. वि.

श्रावणात तुम्ही मामींच्या साडीला फॉल लावायला म्हणून दुकानात आलात, तेव्हा माझं मशीनवर लक्षच नव्हतं. मागच्या टेबलावर नवी टाकी होती. पाणी ताकासारखं पांढरं, आणि त्यात वर येऊन तोंडाची उघडझाप करणारे चार गोल्डफिश. सहातले दोन पहाटेच गेले होते. लेकीनं ते तुळशीच्या कुंडीत पुरले आणि न जेवताच शाळेला गेली. मी पुन्हा पाणी बदलायला बादली भरून ठेवली होती. तुम्ही साडी बाजूला ठेवलीत आणि विचारलंत, "आजवर कितीदा पाणी बदललीस?"

सहा दिवसांत तीनदा, आणि दर वेळी सगळं. खडी धुतली, काच घासली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पार पांढरा होईपर्यंत चोळला. दुसऱ्या दिवशी परत ताक. मला वाटायचं, आपलंच धुणं कमी पडतंय. टाकी आणि मासे एकाच दिवशी विकणाऱ्यानं पाणी असं होतं हे सांगितलंच नव्हतं.

"गडबड करूलालीस तू," म्हणालात, आणि काचेचे तीन ग्लास मागितलेत. एकात टाकीतलं पाणी. दुसऱ्यात खडी परत धुऊन निघालेलं. तिसऱ्यात, टाकीत शोभेला ठेवायचं म्हणून पातेल्यात भिजत घातलेल्या लाकडाचं, कारण ते लाकूड अजून बुडत नव्हतं. मागे माझं पावतीपुस्तक पांढरी बाजू पुढे करून उभं केलंत आणि सांगितलंत, सकाळपर्यंत हात लावू नको.

सकाळी खडीच्या ग्लासात तळाशी लालसर थर बसला होता आणि वर स्वच्छ पाणी. लाकडाचा ग्लास कोऱ्या चहासारखा, खरं आरपार. मागच्या रेघा मोजता येत होत्या. टाकीचा ग्लास जसाच्या तसा धुरकट. तुम्ही म्हणालात, "बसला तो गाळ. आरपार दिसला तो रंग. बसतही नाही न् आरपारही दिसत नाही, ते जिवंत." आयुष्यभर सूत रंगवलेल्या माणसाचं हे बोलणं मी पावतीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय.

ते पांढरं म्हणजे कोट्यवधी जिवाणू. नव्या टाकीत त्यांना उरलंसुरलं खाद्य मिळतं आणि वाटेकरी कुणी नसतं, म्हणून एकदम फोफावतात आणि पाण्यातला प्राणवायूही ओढतात. माशांना मारणारी खरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या विष्ठेतून, श्वासातून, न खाल्लेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू वेगळे असतात, फार सावकाश वाढणारे. ते खडीवर आणि स्पंजात वस्ती करतात. त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि आपल्याकडच्या पावसाळी गारव्यात थोडा जास्तच वेळ. आपल्या बेळगावात राकसकोप धरणातून येणाऱ्या नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं, माशांचे कल्लेही जाळतं. म्हणजे मी दर वेळी जे खळखळून धूत होते, तेच माझ्या माशांना वाचवणार होतं. हे कळलं तेव्हा रडू आलं, मामा. तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत, टाकीची लांबी-रुंदी मोजत राहिलात. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. भरली तर ५६ लिटर.

मग तुम्ही चारही मासे डब्यातून तुमच्या वडगावच्या घरी नेलेत आणि संध्याकाळी पावसात परत आलात. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत तुमच्या जुन्या टाकीतला स्पंज. तो माझ्या टाकीवर धरून पिळलात. चॉकलेटी, मळकट पाणी, शेवाळाचे तुकडे, सगळं त्या पांढऱ्या पाण्यात. माझा हात तुम्हाला थांबवायला पुढे आला होता. "हे विरजण आहे," म्हणालात, आणि मला एकदम समजलं.

रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकायचं हे घरात कुणाला पटेना. मासा नाही तर खाद्य कुणाला? त्या जिवाणूंना. लेकीनं मात्र एक दिवस चुकवला नाही. नवव्या दिवशी सकाळी तिनं मला हाक मारली. टाकीमागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख पाण्यातून वाचता येत होती.

त्यानंतर लाकूड बुडालं, ते टाकीत घातलं आणि चार दिवसांत पाणी चहाच्या रंगाचं झालं. माझा हात परत बादलीकडे गेला, खरं मी आधी ग्लास भरला. आरपार दिसत होतं. तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात, हा लाकडातला तुरटपणा, टॅनिन. तुमच्या वडिलांच्या वेळी सूत हिरड्याच्या पाण्यात भिजवून घ्यायचे, ते याच गुणासाठी. माशांना त्याचा त्रास नाही. डोळ्यांना नको असेल तर लाकूड उकळून घे, नाहीतर फिल्टरात कार्बन घाल. आम्ही दोन्ही केलं नाही. लेक म्हणते, नदीचं पाणी असंच असतं.

दर रविवारी येऊन तुम्ही परीक्षानळीत थेंब टाकायचात. हिरवं म्हणजे अमोनिया आहे, पिवळं म्हणजे नाही. मला दोन्ही सारखेच दिसायचे. तुम्ही नळी उजेडाकडे धरून "अजून हिरव्याची झाक आहे" म्हणायचात आणि एक कप चहा घेऊन निघायचात. पाचव्या रविवारी पिवळं निघालं, नायट्राइटची नळीही फिक्या निळ्यावरच राहिली, म्हणजे तेही नाही. तरी तुम्ही आधी दोनच मासे आणलेत, बाकीचे दोन पंधरा दिवसांनी.

आता दर आठवड्याला पाव टाकी, १४ लिटर बदलते. पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवते आणि वर क्लोरीन मारणारे थेंबही घालते. स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात दोनदा दाबते, जास्त नाही. चारही मासे खाद्याच्या वेळी लेकीच्या बोटामागे काचेवर धावतात.

मामींच्या साडीला फॉल कधीच लावून झालाय. तुम्ही विचारत नाही आणि मी द्यायचं विसरते, असं दोन महिने चाललंय. येत्या रविवारी मी आणि लेक ती घेऊन घरी येतो. पैशांचं नाव काढू नका. आणि तिला तुमची जुनी टाकी बघायची आहे, जिच्यातला स्पंज तुम्ही आम्हाला दिलात.

आपली,
शहापूरची पिको-फॉलवाली