दोरा

सातारा

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

आबांच्या वर्षश्राद्धाला फोनवर तू म्हणालास, "त्या रात्रीचं विमान धरलं असतं तर मला आबा दिसले असते." तेव्हा घरात माणसं होती, मला नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

काल माळ्यावरून तुझा शाळेतला पृथ्वीगोल काढला. आईच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेतला, एक टोक न्यूयॉर्कवर धरलं, दुसरं मुंबईवर, आणि ताणला. भिंतीवरच्या नकाशात वाटतं, विमान सरळ भूमध्य समुद्रावरून येत असेल. गोलावर दोरा वर सरकला! आइसलंड, नॉर्वे, स्वीडन, मग रशिया, कास्पियन समुद्र आणि तिथून खाली मुंबई. साडेबारा हजार किलोमीटर, पृथ्वीच्या घेराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. प्रत्यक्षातलं विमान वारा आणि परवानग्या बघून थोडं इकडेतिकडे वळतं, पण याहून जवळची वाट नाही.

आता वेळ बघ. आबा गेले मंगळवारी सकाळी सहाला. हिवाळ्यात तुमचं घड्याळ साडेदहा तास मागे, म्हणजे तुझ्याकडे सोमवारची संध्याकाळ, साडेसात. तू म्हणतोस ते विमान रात्री साडेदहाचं, म्हणजे आपले मंगळवारचे सकाळचे नऊ. भारताकडे येताना उंचावरचा पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, म्हणून चौदा तास. (जाताना तोच वारा समोरून, म्हणून पंधरा-सोळा.) मुंबईत उतरेपर्यंत रात्रीचे अकरा. सामान, पासपोर्टची रांग, पुढे एक्सप्रेसवे, खंबाटकी घाट. दारात पोचायला बुधवारची पहाट झाली असती.

आबांना आम्ही मंगळवारी चार वाजता नेलं. त्या वेळी तुझं विमान सात तास उडालेलं असतं. ताशी नऊशे किलोमीटर धरून दोऱ्यावर बोट ठेवलं, तर ते स्वीडन आणि फिनलंडच्या मधल्या समुद्रावर आलं. निम्मी वाटही जेमतेम सरली होती, बाळा. तू गुरुवारी पहाटे आलास, सावडायला आमच्याबरोबर आलास. त्या रात्री निघाला असतास तरी आबांचं तोंड दिसलं नसतं.

आणि एक गोष्ट, जी मी वर्षभर बोललो नाही. त्या सकाळी काकाने विचारलं होतं, "बर्फ आणू का? उद्यापर्यंत थांबू, पोराला येऊ दे." नको म्हणालो तो मी. आबांनी मला दोनदा बजावलं होतं की माझ्यासाठी कुणाला ताटकळत ठेवू नका. मला तेव्हा ते बरोबर वाटलं, आजही वाटतं. पण निर्णय माझा होता. राग यायचा असेल तर माझा येऊ दे, त्या चुकलेल्या विमानाचा नको.

गोल टेबलावरच ठेवलाय. मे महिन्यात येशील तोवर दोरा काढत नाही.

तुझे,
बाबा