संघ वाढवण्याआधी टेबल भक्कम करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रादेशिक अर्धव्यावसायिक बास्केटबॉल लीगची बातमी आली की तीत नवे संघ, नवे मालक आणि बाहेरून आणलेला उंच खेळाडू एवढंच असतं. लीग तिसऱ्या हंगामापर्यंत टिकणार की नाही, हे मात्र सामन्याची नोंद आणि घड्याळं सांभाळणाऱ्या स्कोअररच्या टेबलावर आणि वेळापत्रकाच्या कागदावर ठरतं. त्या दोन गोष्टींवर कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

आधी वेळापत्रक. आठ संघांची दुहेरी साखळी, म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, तर ५६ सामने, प्रत्येक संघाला १४. संघ दहा केले की सामने ९० होतात आणि प्रत्येक संघाला १८ खेळावे लागतात. वाढले फक्त दोन संघ, पण शनिवार-रविवारी प्रत्येक संघाचा एकच सामना धरला तर हंगाम चार आठवड्यांनी लांबतो. अर्धव्यावसायिक खेळाडू आठवडाभर नोकरी करतो, संध्याकाळी सराव करतो आणि सुटीच्या दिवशी प्रवास करून खेळतो. पंधराव्या आठवड्यानंतर त्याची रजा संपते, घोटा दुखू लागतो आणि संघ सात जणांवर येतो. संघ सोळा जणांची नोंदणी करतो, बाराजणांना उतरवायची मुभा असते आणि हंगामाच्या शेवटी बेंचवर दोघेच बसलेले दिसतात. त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

पहिली दोन वर्षं एकत्रित मुक्कामाची पद्धत बरी. आठही संघ एकाच सभागृहात दोन दिवस येतात, प्रत्येक संघ दिवसाला एक सामना खेळतो आणि दोन दिवसांत आठ सामने उरकतात. सात शनिवार-रविवारांत दुहेरी साखळी पूर्ण होते. पंच, टेबल, घड्याळ, फिजिओ सगळं एकाच जागी राहतं. तोटाही आहे. घरच्या मैदानावरचा प्रेक्षक तयार होत नाही आणि तिकिटाचे पैसे त्याच्यामुळेच येतात. म्हणून पहिली फेरी एकत्र आणि परतीची फेरी घरच्या-परक्या मैदानांवर, असा मेळ घालावा. त्यात एक गोष्ट आवर्जून करावी. महिलांचा सामना सकाळी रिकाम्या खुर्च्यांसमोर न ठेवता संध्याकाळच्या मुख्य सामन्याच्या लगेच आधी ठेवावा. प्रेक्षक तेव्हा येऊन बसलेलेच असतात.

एका सामन्याला दोन तास धरले जातात, तिथेच घोडं पेंड खातं. खेळाची चाळीस मिनिटं (दहा-दहा मिनिटांचे चार भाग, म्हणजे क्वार्टर), मध्यंतराची पंधरा, क्वार्टरमधली विश्रांती, टाइम-आउट आणि फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारी मोकळी फेक) मिळून दीड तासाहून अधिक वेळ जातो. वर किमान वीस मिनिटांचा वॉर्मअप असतो. पहिल्या सामन्याला पाच मिनिटांचा एक ओव्हरटाइम लागला की संध्याकाळचा सामना रात्रीवर जातो. सव्वादोन तास धरावेत आणि हंगामात किमान दोन शनिवार-रविवार राखीव ठेवावेत. आठातला एक संघ गळला तरी एकही आठवडा वाचत नाही. सात संघांनाही एका साखळीला सात फेऱ्याच लागतात, फक्त दर फेरीत एक संघ बसून राहतो. म्हणून संघाने मध्येच माघार घेतली तर त्याचे आधीचे निकाल रद्द होणार की उरलेले सामने प्रतिस्पर्ध्याने २०-० जिंकले असं धरायचं, हे पहिल्या सामन्याआधी लेखी ठरलेलं हवं. नंतर ठरवलं तर कोणाचं तरी उपांत्य फेरीचं तिकीट त्यात जातंच.

आता टेबल. तिथे चार माणसं लागतात: स्कोअरर, सहायक स्कोअरर, सामन्याचं घड्याळ चालवणारा टायमर आणि शॉट क्लॉकचा, म्हणजे शॉट मारायला दिलेले २४ सेकंद मोजणाऱ्या घड्याळाचा ऑपरेटर. नव्या लीगमध्ये ही कामं आयत्या वेळी मोकळ्या असलेल्या कोणाच्याही गळ्यात पडतात. सर्वांत जास्त वाद शॉट क्लॉकवर होतात. नवखा ऑपरेटर चेंडू हातातून सुटला की रीसेटचं बटण दाबून वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. नियम तसा नाही. शॉटनंतर चेंडू रिंगला लागल्याशिवाय किंवा दुसऱ्या संघाच्या ताब्यात गेल्याशिवाय रीसेट नाही. एअरबॉल, म्हणजे रिंगला न लागलेला शॉट, त्याच संघाच्या हाती आला तर घड्याळ होतं तिथूनच पुढे चालतं. चेंडू रिंगला लागून आक्रमक संघानेच रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू) घेतला तर १४ सेकंद, बचाव करणाऱ्याने घेतला तर २४. बचावपटूच्या हाताला लागून चेंडू बाहेर गेला तर काहीच बदलत नाही. आक्रमक संघाच्या पुढच्या अर्ध्या मैदानात बचावाच्या फाउलनंतर साइडलाइनवरून चेंडू आत यायचा असेल, तर १४ किंवा जास्त सेकंद उरले असताना घड्याळ तसंच राहतं, १३ किंवा कमी असतील तर १४ होतात. ही पाच-सहा उदाहरणं हाताला बसेपर्यंत कोणालाही ते बटण देऊ नये. चुकीचा रीसेट झाला की पंचाला खेळ थांबवून तो दुरुस्त करावा लागतो. अशा तीन थांब्यांनंतर प्रेक्षक टेबलाकडे बघून ओरडू लागतात आणि प्रशिक्षक पंचांच्या मागे लागतात.

दुसरी नेहमीची चूक सांघिक फाउलची. एका क्वार्टरमध्ये संघाचे मिळून चार फाउल झाल्यानंतर पाचव्यापासून दोन फ्री थ्रो मिळतात. एक नोंद राहिली तर दोन गुण इकडचे तिकडे होतात. म्हणून स्कोअररने पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल, दुसरा आणि चौथा निळ्या किंवा काळ्या पेनने लिहावा, हा नियम पाळलाच पाहिजे. वाद झाला की स्कोअरशीटवर नेमका क्षण शोधायला हेच रंग उपयोगी पडतात. संघाची यादी सामन्याच्या किमान चाळीस मिनिटं आधी टेबलावर यायला हवी. दहा मिनिटं आधी प्रशिक्षकाने सुरुवातीचे पाच खेळाडू दाखवून सही करायची असते. ही शिस्त नसली की जर्सीचा नंबर आणि शीटवरचा नंबर जुळत नाही आणि पाचव्या फाउलला भलताच माणूस बाहेर बसवला जातो. प्रत्येक सभागृहामागे बारा प्रशिक्षित टेबल अधिकारी तयार ठेवावेत, त्यांना पंचांसारखंच मानधन द्यावं आणि वीज गेली तर हातातलं स्टॉपवॉच व हॉर्न टेबलाखाली असावा.

मैदानाबाबत थोडक्यात. २८ बाय १५ मीटर सगळे मोजतात, भोवतीचे मोकळे दोन मीटर कोणी मोजत नाही. बेसलाइनमागे (बास्केटच्या बाजूच्या रेषेमागे) खुर्च्या किंवा कॅमेऱ्याचा स्टँड आला की लेअप (धावत जाऊन बास्केटजवळून केलेला शॉट) मारून पुढे जाणारा खेळाडू त्यावर आदळतो. रिंगची वरची कड जमिनीपासून ३.०५ मीटरवर आहे का, हे दर सामन्याच्या दिवशी टेपने पाहावं. चाकांवरचे स्टँड डंकमुळे (उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये दाबल्यामुळे) हळूहळू पुढे वाकतात आणि रिंगचं पुढचं टोक खाली येतं. बास्केटखाली घाम सांडला की लगेच पुसायला दोन्ही टोकांना एकेक मुलगा कापड घेऊन बसलेला हवा.

पैशांचं जुनं उदाहरण सांगतो. अमेरिकेत १९४६ मध्ये ईस्टर्न पेनसिल्व्हेनिया बास्केटबॉल लीग सुरू झाली. खेळाडू आठवडाभर नोकरी करत आणि शनिवार-रविवारी खेळत. १९७८ मध्ये तिचं नाव कॉन्टिनेंटल बास्केटबॉल असोसिएशन झालं. तिथे पुढे गुणपद्धत बदलली. गुणतक्त्यात विजयाला तीन गुण, शिवाय जिंकलेल्या प्रत्येक क्वार्टरला एक. म्हणजे वीस गुणांनी मागे असलेल्या संघालाही शेवटच्या क्वार्टरमध्ये खेळायला काहीतरी उरतं. आपल्या लीगने ही पद्धत एक हंगाम करून पाहावी असं मला ठामपणे वाटतं. एकतर्फी सामन्यात तिसऱ्या क्वार्टरनंतर रिकामं होणारं सभागृह थांबवायला याहून स्वस्त उपाय नाही. स्थानिक मालकांच्या बळावर ही लीग पन्नासहून अधिक वर्षं चालली. १९९९ मध्ये ती एकाच मालकाच्या हाती गेली आणि २००१ च्या फेब्रुवारीत हंगाम अर्ध्यावर असताना बंद पडली. त्यानंतर पुन्हा उभी राहिली, पण पहिल्यासारखी नाही. म्हणून एकच मोठा प्रायोजक मिळाला म्हणून हुरळून जाऊ नये. प्रत्येक संघाचा स्वतःचा छोटा आधार हवा. खेळाडूंचं मानधन हंगामाआधी, मध्ये आणि शेवटी असं तीन हप्त्यांत द्यावं, दूरच्या संघांचा प्रवासखर्च सामायिक निधीतून भागवावा आणि अपघात विम्याचा कागद दिल्याशिवाय नोंदणी करू नये.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. शुक्रवारी येत्या दोन दिवसांचं वेळापत्रक आणि सोमवारी गुणतक्ता छापावा. त्यात खेळलेले सामने, विजय, पराभव आणि गुणफरक हे चार स्तंभ पुरेत. सामन्याखाली क्वार्टरनिहाय गुण आणि दोन्ही संघांच्या सर्वाधिक गुण करणाऱ्यांची नावं यावीत. हा मजकूर शेवटच्या सामन्यानंतर तासाभरात तुमच्या क्रीडा विभागात पोचवणं ही लीगची जबाबदारी आहे आणि ते काम करणाऱ्या माणसाचं नाव व फोन लीगने हंगामाआधीच तुम्हाला कळवावं.

आपला,
बास्केटबॉलच्या टेबलावर बसणारा एक वाचक