क्रॉप सेन्सर मिररलेससाठी विकलेल्या १६ मिमी लेन्सची चुकीची मापे : तक्रार व परताव्याची मागणी

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : ई-माउंटच्या १६ मिमी वाइड अँगल लेन्सची वेबसाइटवर दिलेली चुकीची लांबी, वजन व दृश्यकोन, आणि पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीची १६ मिमी वाइड अँगल लेन्स मी आपल्याच वेबसाइटवरून ई-माउंटमध्ये, म्हणजे सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या जोडणीत, मागवली. तिथे तिची लांबी ६२ मिमी आणि वजन ३१० ग्रॅम दिले आहे, आणि नावाखालीच ‘क्रॉप सेन्सर मिररलेससाठी कॉम्पॅक्ट’ (म्हणजे लहान सेन्सरच्या, आरसा नसलेल्या कॅमेऱ्यासाठी आटोपशीर) असे ठळक अक्षरांत छापले आहे. हातात आलेली लेन्स ८८ मिमी लांब आणि ३७४ ग्रॅम वजनाची निघाली. मी केलेली तक्रार आपल्या ग्राहक सेवेने ‘उत्पादनात दोष आढळला नाही’ असा शेरा मारून बंद केली, म्हणून आता थेट आपल्याला लिहीत आहे.

मोजण्याच्या पद्धतीनुसार थोडाफार फरक पडू शकतो, असे मला आधी कळवण्यात आले. तेव्हा माप कसे घेतले ते सांगते. दोन्ही बाजूंच्या कॅप काढल्या, हुड काढले, फोकस इन्फिनिटीवर ठेवला आणि माउंटच्या धातूच्या कड्यापासून पुढच्या टोकापर्यंत व्हर्निअर कॅलिपर लावला. पद्धत बदलल्याने एखाद-दुसरा मिलिमीटर इकडेतिकडे होईल. सव्वीस कसे होतील?

हे सव्वीस कुठून आले तेही शोधायला फार डोके चालवावे लागले नाही. डीएसएलआरमध्ये सेन्सरसमोरचा आरसा वर-खाली व्हायला जागा लागते, त्यामुळे कॅननच्या ईएफ माउंटमध्ये माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४४ मिमी असते. ई-माउंटमध्ये आरसाच नाही, म्हणून ते १८ मिमी. वजाबाकी केली की बरोबर २६ उरतात. म्हणजे आपण डीएसएलआरची लेन्स घेतली, तिच्या मागे २६ मिमीची नळी कायमची बसवली आणि मिररलेसची म्हणून विकायला काढली. मापे मात्र नळीशिवायच्या लेन्सचीच राहू दिली. मागची कॅप काढून आत डोकावले तर हे कॅलिपरशिवायही कळते. शेवटची काच माउंटजवळ नाहीच, ती पार आत आहे. तिच्या अलीकडे आहे ती नुसती पोकळ, काळी नळी, प्रकाश परावर्तित होऊ नये म्हणून आतून बारीक खाचा पाडलेली. बाहेरून फोकस रिंगच्या मागे बोट फिरवले की जोडाची कड लागते. वेबसाइटवरच्या फोटोत हा भाग दिसत नाही, कारण तो फोटो ईएफ माउंटच्या लेन्सचा आहे.

नळी लावून लेन्स विकणे हा गुन्हा नाही. पण मग तिला कॉम्पॅक्ट म्हणता येत नाही. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा माणूस घेतो तो बव्हंशी आटोपशीरपणासाठी, आणि वाइड लेन्सच्या बाबतीत मिररलेसचा खरा फायदा तिथेच असतो. १६ मिमीच्या लेन्सने ४४ मिमी लांबून प्रतिमा पाडायची तर रेट्रोफोकस रचना (प्रतिमा लेन्सपासून जास्त मागे पाडणारी काचांची मांडणी) करावी लागते आणि पुढच्या काचा मोठ्या होत जातात. सेन्सर १८ मिमीवर असला की डिझायनरला मोकळीक मिळते. सोनीची २०१० सालची १६ मिमी पॅनकेक, म्हणजे चपटी लेन्स, अवघी ६७ ग्रॅमची होती (चित्राचे कोपरे तिच्यात अस्पष्ट येतात, ते सोडा). त्यांचीच २०२२ ची ११ मिमी एफ/१.८ घेतली तरी १८१ ग्रॅम. कॅननची क्रॉप सेन्सर मिररलेससाठीची आरएफ-एस १०-१८ मिमी तर झूम, तरीही वजन १५० ग्रॅमच्या आसपास. आपली लेन्स लावून माझा छोटा कॅमेरा टेबलावर ठेवला की तो पुढे झुकून लेन्सच्या कडेवर टेकतो. बॅगेतला जो कप्पा मी ६२ मिमी गृहीत धरून मोकळा केला होता त्यात ती बसत नाही, आणि वेगळी पिशवी घेऊन फिरायचे असते तर मी मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेम कॅमेराच घेतला असता.

आता दृश्यकोनाकडे वळते. वेबसाइटवर १०७ अंश (चित्राच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कोन) लिहिले आहे. १६ मिमीवर १०७ अंश मिळतात ते ३६ बाय २४ मिमीच्या फुल फ्रेम सेन्सरवर. सुमारे २३.५ बाय १५.६ मिमीच्या क्रॉप सेन्सरवर तीच लेन्स साधारण ८३ अंश देते, म्हणजे फुल फ्रेमवरच्या २४ मिमीइतके. मला हे माहीत होते आणि तेवढेच हवे होते, त्यामुळे कोनाबाबत माझी फसगत झाली नाही. पण पहिलीच वाइड लेन्स घेणाऱ्याचे काय? तीन मीटरवरून फुल फ्रेममध्ये पावणेसात मीटर रुंदीची भिंत मावते. क्रॉपवर जेमतेम साडेचार मीटर मावेल. १०७ अंश खरोखरच हवे असतील तर त्याने साडेदहा मिमीच्या आसपासची लेन्स पाहायला हवी. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या अनेक किट झूम लेन्स १६ किंवा १८ मिमीपासूनच सुरू होतात, हे लक्षात घेतले तर त्याच्या पदरात आधी होते त्याहून फारसे जास्त काही पडणारच नाही. लांबी, वजन, फोटो आणि कोन हे सगळेच फुल फ्रेम डीएसएलआरच्या पानावरून उचललेले दिसते. क्रॉप सेन्सरसाठी नवीन लिहिले ते फक्त ‘कॉम्पॅक्ट’.

लेन्सच्या काचेबद्दल माझी तक्रार नाही. फुल फ्रेमसाठी बनवलेल्या प्रतिमेचा मधलाच भाग क्रॉप सेन्सर वापरतो, त्यामुळे कोपऱ्यांपर्यंत चित्र स्वच्छ येते आणि कडांचा काळोखही जाणवत नाही. म्हणूनच ‘दोष आढळला नाही’ हा शेरा वाचून हसू आले. लेन्समध्ये दोष आहे असे मी म्हटलेच नव्हते. दोष वर्णनात आहे, आणि लेन्स तपासून तो सापडणार कसा? पुढच्या उत्तरात तर, हुड न लावता वापरल्यास लेन्स लहान होते, असा सल्ला मिळाला. माझे ८८ मिमी हे हुडाशिवायचेच माप आहे. लेन्स वापरून पाहिल्याने परत घेता येत नाही हे कारणही मला मान्य नाही, कारण खोके उघडल्याशिवाय ती २६ मिमीने लांब आहे हे मला कळायला काहीच मार्ग नव्हता.

तरी आपण लेन्स परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी आणि परत पाठवण्याचा खर्च कंपनीने सोसावा. बदली लेन्स किंवा पुढच्या खरेदीचे कूपन मी स्वीकारणार नाही. ई-माउंटच्या पानावर त्याच माउंटची लांबी, वजन आणि फोटो टाकावेत, दृश्यकोन कोणत्या सेन्सरवरचा आहे ते सांगावे, आणि याआधी हीच लेन्स ई-माउंटमध्ये घेतलेल्या ग्राहकांना दुरुस्तीची सूचना पाठवावी. कॅलिपर लावलेल्या लेन्सचे, वजनकाट्याचे आणि मागच्या नळीच्या आतल्या भागाचे फोटो, तसेच खरेदीच्या दिवशीच्या आपल्या पानाची प्रत सोबत जोडली आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास हीच कागदपत्रे मी ग्राहक तक्रार यंत्रणेकडे सादर करीन. लेन्स मूळ खोक्यात, हुड आणि दोन्ही कॅपसह बांधून ठेवली आहे. ती न्यायला कुणाला व केव्हा पाठवता तेवढे कळवावे.

आपली,
एक ग्राहक
(ऑर्डर क्रमांक ईमेलच्या विषयात दिला आहे)