हसू आणि वास: थेरपिस्ट ताईंना पत्र

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

डोक्याला मार लागल्यावर माझ्या चालण्याबोलण्याकडे सगळ्यांनी लक्ष दिलं, ते सुधारलंही. हे पत्र उरलेल्या विचित्र गोष्टींबद्दल आहे. त्या तुमच्याशिवाय कुणी मनावर घेतल्या नाहीत.

त्यातलं ते हसू! कुणी गेल्याची बातमी कानावर पडली की मला हसू फुटायचं आणि थांबता थांबायचं नाही. आतून गलबलून येत असायचं, बाहेर मात्र दात दिसायचे. घरच्यांना वाटलं, हा निगरगट्ट झाला. तुम्ही सांगितलंत, याला स्यूडोबल्बर अफेक्ट म्हणतात. भावना शाबूत असते. ती चेहऱ्यावर कितपत उमटू द्यायची यावर ताबा ठेवणारे मेंदूतले मार्ग दुखावलेले असतात. हे तुम्ही माझ्या आधी माझ्या बायकोला समजावलंत, ते फार बरं केलंत. तिची नजर निवळली आणि माझं निम्मं ओझं उतरलं. मग हसू येतंय असं वाटलं की बसायची ढब बदलायची, जबडा सैल सोडायचा, खांदे खाली, श्वास संथ, हे माझ्याकडून घोटून घेतलंत. औषधाचं विचारायला न्यूरॉलॉजिस्टकडेही तुम्हीच धाडलंत.

वासाचंही तसंच. मला वास येईनासा झाला होता, बाकीचे सर्दी म्हणून सोडून देत होते. नाकाच्या छताशी चाळणीसारखं हाड असतं, त्यातून वासाचे नाजूक तंतू मेंदूकडे जातात आणि डोक्याला जोराचा हिसका बसला की ते तुटू शकतात, हे मला तुमच्याकडून कळलं. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी अशा ४ बाटल्या, दिवसातून २ वेळा, लक्ष देऊन हुंगायच्या. अपघातानंतर याचा गुण येईलच असं नाही, हेही तुम्ही आधीच बजावलंत. खोटी आशा न दाखवणारी माणसं त्या दिवसांत फार कमी भेटली.

पुढे लवंगेला जळक्या रबराचा वास यायला लागला. मी वैतागलो, तुम्ही खूश! असा वेडावाकडा वास हे तंतू पुन्हा जुळू लागल्याचं लक्षण असू शकतं म्हणालात. गुलाबाचा अजून पत्ता नाही. गॅसगळतीचा अलार्म मात्र तुम्ही मागे लागून बसवून घेतलात, तो चालू आहे.

घरच्यांसाठी तुम्ही लिहून दिलेल्या कागदाच्या प्रती मी आता इतर पेशंटच्या घरी देतो. त्यात हसण्याबद्दलच्या ओळी ठळक केल्या आहेत. काही भर घालायची असेल तर कळवा.

तुमचा पेशंट