मोफत सॉफ्टवेअरची यादी छापलीत, आता वर्गणीचंही छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पैसे न मोजता मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी आली होती, यादी चांगलीच होती, त्यातली निम्मी तर आम्ही रोज वापरतो. साताऱ्यात आमचा फ्लेक्स, लग्नपत्रिका आणि कार्यक्रम लाइव्ह दाखवायचा छोटा धंदा आहे. पत्रिका इंकस्केपवर होते, फोटो गिंपवर, बिलं लिब्रेऑफिसमध्ये, आणि कबड्डीच्या मॅचेस नि लग्नं यूट्यूबवर जातात ती ओबीएसवरून. पण अख्ख्या लेखात एवढंच कुठं आलं नाही की हे बनवणाऱ्यांचं घर कशावर चालतं. वाचणाऱ्याला वाटावं हे सगळं झाडाला लागतं.

बँकेच्या साइटवर कुलपाचं चित्र दिसतं ना, त्यामागचं काम करणारं ओपनएसएसएल नावाचं सॉफ्टवेअर अर्ध्याअधिक इंटरनेटवर चालू होतं आणि त्याला वर्षाला देणगी यायची साधारण २ हजार डॉलर. वर्षाला! पूर्णवेळ काम करणारा माणूस एक. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्यात हार्टब्लीड नावाचं भोक सापडलं, जगभर बोंबाबोंब झाली, मग लोकांनी पाच-दहा डॉलर करत आठवडाभरात ९ हजारांच्या आसपास पाठवले आणि तेव्हा कुठं गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक वगैरे मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशन या संस्थेमार्फत रीतसर निधी उभा केला. म्हणजे घर जळाल्यावर विहिरीची वर्गणी. (आपल्याकडे पुलांचं पण असंच असतं, पण तो विषय वेगळा.)

जर्मनीत वेर्नर कोख म्हणून गृहस्थ आहेत, १९९७ पासून जीपीजी हे मेल कुलूपबंद करायचं सॉफ्टवेअर सांभाळतायत, जगातले पत्रकार त्याच्या भरवशावर काम करतात. बाबा जवळपास एकटा आणि पैशाच्या ओढाताणीत. २०१५ च्या फेब्रुवारीत एका अमेरिकन वृत्तसंस्थेनं त्याची गोष्ट छापली तसा देणग्यांचा पाऊस पडला, फेसबुक आणि स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंटच्या कंपनीनं वर्षाला ५०-५० हजार डॉलर द्यायचं कबूल केलं. छानच झालं, पण कुणी छापलं नसतं तर?

लोक देत नाहीत असं मात्र मला वाटत नाही. ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर घ्या. त्याची कंपनी २००२ मध्ये बुडाली, गुंतवणूकदार म्हणाले १ लाख युरो द्या आणि कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, सगळ्यांना खुला करा. ते बनवणाऱ्या टॉन रोझेंडालनं वापरणाऱ्यांपुढं झोळी धरली आणि सात आठवड्यांत रक्कम जमली. त्याच ब्लेंडरवर बनलेल्या लॅटव्हियाच्या 'फ्लो' या सिनेमाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं! किंवा थंडरबर्ड, मेल वाचायचं जुनं सॉफ्टवेअर, मध्यंतरी लोक त्याला मेलेलंच धरून चालले होते. २०२२ च्या शेवटी त्यांनी सॉफ्टवेअर उघडल्यावरच वर्गणीची विनंती दाखवायला सुरुवात केली, त्या वर्षीच्या देणग्या ६४ लाख डॉलरच्या घरात गेल्या, आदल्या वर्षीच्या दुपटीहून जास्त. विनंती समोर आली, लोकांनी दिले, एवढंच. आपल्याकडे वापरणारे उलट वैतागतात, "फुकट म्हणालात आणि आता पैसे मागताय". अहो मागू दे की, नको तर विंडो बंद करा, कुणी दमदाटी करत नाही.

आता इथली अडचण. परदेशातल्या प्रोजेक्टला दरमहा थोडे थोडे द्यायचं ठरवलं तर कार्ड अडकतं, कारण २०२१ च्या ऑक्टोबरपासून कार्डावरनं दरमहा आपोआप पैसे कापायचे नियम रिझर्व्ह बँकेनं कडक केले. नियम ग्राहकाच्या भल्याचाच आहे त्याबद्दल वाद नाही, पण बऱ्याच परदेशी साइटची त्यात सोय नाही, शिवाय यूपीआय नाही, आयकर सवलतीची ८०जी ची पावती नाही. आमच्या बँकेत विचारलं तर काउंटरवरच्या ताईंना मी कुठल्या तरी ऑनलाइन फ्रॉडमध्ये सापडलोय असंच वाटलं, चूक त्यांचीही नाही म्हणा. म्हणून आम्ही दरमहाचा नाद सोडला. खंडेनवमीला मशिनला हार-पेढा झाला की त्याच दिवशी ओटीपी टाकून वर्षाचे पैसे एकदम पाठवतो, अर्धे ओबीएसला, अर्धे इंकस्केपला. फार नसतात, एका लग्नाच्या लाइव्हमधला छोटासा हिस्सा. ज्यांचं पोट या सॉफ्टवेअरवर आहे त्या स्टुडिओवाल्यांनी, क्लासवाल्यांनी एवढं तरी करायला हरकत नाही. विद्यार्थ्यांकडनं मी मागणार नाही, त्यांनी खुशाल फुकट वापरावं.

खरा पैसा कंपन्यांकडनंच यायला पाहिजे हे मात्र स्पष्ट बोलतो. कर्ल नावाचं, इंटरनेटवरून डेटा नेण्या-आणण्याचं सॉफ्टवेअर जगभरच्या मोबाइल, टीव्ही, गाड्यांत आहे, ते स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग बनवतात. २०२१ च्या डिसेंबरमध्ये लॉगफोरजे या दुसऱ्याच एका सॉफ्टवेअरमध्ये भोक निघालं, तर एका मोठ्या कंपनीनं यांनाच मेल टाकला की आमच्या प्रश्नांची उत्तरं २४ तासांत द्या. कंपनीनं एक पैसा दिलेला नाही, आणि थाट मालकाचा! त्यांनी उत्तर दिलं की सपोर्टचा करार करा, मग आनंदानं सांगतो. मला ते उत्तर फार आवडलं.

भारतात झेरोधानं २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला, जगातल्या कुठल्याही ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रोजेक्टला त्यातनं मदत मिळू शकते. बेंगळुरूची एक कंपनी हे करते तर हिंजवडी-खराडीतल्या कंपन्यांना काय झालंय? कित्येक इंजिनिअरिंग कॉलेजं लॅब लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमवर चालवतात आणि विद्यार्थ्याकडनं कॉम्प्युटर फी वेगळी घेतात, त्यातला एक टक्का तरी.

तर साहेब, पुढच्या वेळी अशी यादी छापाल तेव्हा प्रत्येक नावापुढं देणगी कुठं द्यायची ते एका ओळीत द्या, जागा फार लागणार नाही. आणि वाचकांपैकी कुणाला परदेशी प्रोजेक्टला यूपीआयनं पैसे पाठवायचा सोपा आणि कायदेशीर रस्ता सापडला असेल तर त्यांनी याच सदरात कळवावं, खंडेनवमीच्या आत कळवलंत तर फारच बरं.

आपला,
एक फ्लेक्सवाला वाचक, सातारा