खालच्या मजल्यावरच्या ओमांना, मनापासून थँक्यू

प्रिय ओमा (जर्मनमध्ये आजीला ओमा म्हणतात),

जर्मनमधलं पत्र तुम्हाला पोचलं असेलच, आणि त्यातल्या माझ्या चुका तुम्ही पेन्सिलीने गोल करून ठेवल्या असणार याची मला खात्री आहे. हे दुसरं पत्र मराठीत, तुम्हाला वाचता येणार नाही, नातीने फोनवर ट्रान्सलेट करून दाखवलं तर दाखवलं. पण तुमचे आभार मला आमच्या लोकांसमोर मानायचेत, कारण तुम्ही जे दिलंत त्यातलं निम्मं माझ्या आजोबांच्या वाट्याला गेलं.

वाचणाऱ्यांसाठी थोडी ओळख. केम्नित्स हे पूर्व जर्मनीतलं शहर (1990 पर्यंत पूर्व जर्मनी हा वेगळा, कम्युनिस्ट राजवटीचा देश होता), आपली बरीच मराठी पोरं तिथे मास्टर्सला असतात. 1953 ते 1990 याचं नाव होतं कार्ल-मार्क्स-श्टाट. मार्क्स काही तिथे कधी राहिला नव्हता, तरी दिलं नाव, आणि 1971 मध्ये मेन रोडवर त्याचं सात मीटर उंच ब्राँझचं डोकं बसवलं, नुसतं डोकंच, धड नाही पाय नाहीत. ते अजून तिथेच आहे आणि सगळे त्याच्यासमोर सेल्फी काढतात, मीपण काढला. मी कासबर्ग भागात जुन्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचे, लिफ्ट नाही, आणि बरोबर खाली तुम्ही. जन्म 1946चा, सोळाव्या वर्षापासून सूतगिरणीत, नंतर सुपरवायझर, आणि 1991 मध्ये गिरणीला टाळं लागल्यावर घरी.

आता थँक्यू कशाकशासाठी म्हणू. सरकारी पत्रं आली की मला घाम फुटायचा, ती तुम्ही डायनिंग टेबलावर पसरून एकेक ओळ समजावून द्यायचात. ताप आला तेव्हा दारात बटाट्याच्या सूपचं पातेलं ठेवून गेलात, बेल वाजवून पळालात लहान मुलांसारख्या. ही सगळी यादी मोठी आहे, ती जाऊ दे. ऑगस्ट 2018 चं मात्र लिहायलाच पाहिजे.

शहराच्या जत्रेत रात्री चाकूने एकाचा खून झाला, संशय परदेशी लोकांवर, आणि त्याच दिवसापासून रस्त्यावर जमाव निघाला, सावळ्या रंगाचं कोणी दिसलं की अंगावर जाणारा. सोमवारी त्या मार्क्सच्या डोक्यासमोर हजारो लोक जमले, जगभरच्या बातम्यांत आलं. घरून आईचे फोनवर फोन. मला लॅबला जाणं भाग होतं आणि मी दारात चपला घालून नुसतीच उभी. तुम्ही वर आलात, कडक ऊन असताना हातात लांब दांड्याची छत्री, म्हणालात चल. ट्रामपर्यंत आलात, ट्राममध्ये बसलात, युनिव्हर्सिटीच्या दारापर्यंत आलात, आणि संध्याकाळी परत घ्यायला हजर. तो पूर्ण आठवडा हेच. वाटेत त्या जमावाची घोषणा ऐकू आली, "आम्हीच जनता!", आणि तुमचा चेहरा असा लाल झाला की मला वाटलं बीपी वाढलं. तुम्ही म्हणालात, ही घोषणा आमची आहे, ऑक्टोबर 1989 ची, तेव्हा आम्ही ती बंदूक घेतलेल्या सरकारला ऐकवत होतो, आणि हे लोक ती एका शिकायला आलेल्या पोरीला ऐकवतायत.

त्या रात्री तुम्ही बोलायला लागलात ते पुढे बोलतच राहिलात. त्याआधी मी विचारलं की तुम्ही खांदे उडवायचात. आणि मला तर विचारायची घाई होती कारण माझे आजोबा.

आजोबा लालबागचे, म्हणजे मूळ कराडकडचे पण उभं आयुष्य गिरणीत, लाल बावट्याचे जुने मेंबर. घरात सोव्हिएत छापाची स्वस्त पुस्तकं, लेनिनचा फोटो देवांच्या फोटोशेजारी (आजीच्या कृपेने दोघांनाही हार). मी त्या भागात चाललेय म्हटल्यावर त्यांना काशीला गेल्याचा आनंद. "बघून ये गं, तिकडं कामगाराचं राज्य होतं." आणि इकडे माझे ऑफिसमधले मित्र, त्यांच्या मते तिकडे लोक नुसते बेड्या घालून फिरत होते. तुम्ही या दोन्ही पार्ट्यांना उत्तर दिलं नाहीत, तुम्ही मला तुमचा मंगळवार सांगितलात, तुमचा गुरुवार सांगितलात.

म्हणजे भाडं इतकं कमी की विसरायला व्हायचं, पण संडास जिन्याच्या वळणावर, दोन बिऱ्हाडांत एक. (आजोबा: "म्हंजे आपल्या चाळीवानीच की.") पाव पाच फेनिगचा (फेनिग म्हणजे तिकडचा पैसा), वर्षानुवर्षं तोच भाव. पोराला पाळणाघर, बाईला काम, नोकरी जाईल ही भीतीच नाही. पण केळी आली अशी कुजबुज झाली की मशीन शेजारणीच्या भरवशावर टाकून रांगेत पळायचं. त्राबांट गाडीसाठी नाव नोंदवलं की दहा वर्षांच्या पुढेच नंबर, त्यामुळे जुनी गाडी नवीपेक्षा महाग विकली जायची, हे ऐकून मी हसले तर तुम्ही म्हणालात हसू नको, आमचं अर्थशास्त्र होतं ते. 1977 ला कॉफी महाग झाली तर सरकारने निम्म्याला निम्मी कॉफी आणि बाकी भाजलेलं धान्यबिन्य असं मिक्श्चर काढलं, लोकांनी एवढी टर उडवली की मागे घ्यावं लागलं. लोक प्रत्येक गोष्टीवर गप्प बसायचे असं नाही, कॉफीवर बोलायचे! खरी कॉफी तुमच्या आईमुळे मिळायची, कारण बाई साठीची झाली की सरकार तिला पश्चिमेकडे नातेवाइकांना भेटायला खुशाल सोडायचं, परत नाही आली तर पेन्शन वाचली. तुम्हाला मात्र न्यूरेंबर्गच्या मावशीकडे जायची सोय नव्हती, तुम्ही कामाच्या वयाच्या होतात ना. रस्त्याने चार तासांचं अंतर नाही.

आणि मावशी इकडे आली की हाउसबुख. प्रत्येक बिल्डिंगला एक वही, ती सांभाळायला बिल्डिंगमधलाच एक भाडेकरू, पश्चिमेकडचा पाहुणा आला की चोवीस तासांच्या आत नाव, पत्ता, कधी आला कधी जाणार सगळं लिहायचं. तुमच्याकडे ती वही तळमजल्यावरच्या काकांकडे असायची, माणूस मवाळ, बायकोच्या केकवर खूश. तुम्ही म्हणालात, नियम होता तो होताच, पण आमचं जगणं नियमावर नव्हतं, वही कोणाकडे आहे त्यावर होतं. हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवलंय. कारण तुम्ही सांगितलेली बाकी प्रत्येक गोष्ट तिथेच येऊन पोचते.

टीव्हीचंच घ्या. तुमच्या वडिलांनी अँटेना पश्चिम जर्मनीतल्या बव्हेरियाच्या टॉवरकडे वळवलेली, 1961 मध्ये बर्लिनची भिंत झाल्यावर सरकारी युवक संघटनेची पोरं छपरांवर चढून तसल्या अँटेना फिरवायची नाहीतर मोडायची. पुढे सरकारने डोळेझाक केली, सगळेच पश्चिमेचा टीव्ही बघायचे, फक्त बघतो म्हणायचं नाही. मग बालवाडीत बाई मुलांना गोड आवाजात विचारायच्या, बातम्यांच्या आधी घड्याळ दिसतं ना, ते कसं असतं रे? दोन्हीकडची घड्याळं वेगळी. चार वर्षांच्या पोराने घड्याळाचं चित्र काढलं की घरात काय चालतं ते कळलं. तुम्ही मुलाला पढवून पाठवलंत की विचारलं तर सांग आमचा टीव्ही बिघडलाय. आणि तो पठ्ठ्या बाईंना म्हणाला, "आई म्हणालीय टीव्ही बिघडलाय असं सांग." बाई हसल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या, काही म्हणजे काही झालं नाही. हे सांगताना तुम्हीही हसत होतात आणि मग एकदम म्हणालात, ती बाई चांगली होती, पण त्या दिवसापासून मी तिला घाबरायला लागले, कारण आता तिला माहीत होतं.

आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर ते जेल. मी रोज तिथून जायचे, मला जुनी सरकारी इमारत वाटायची. देश सोडायचा प्रयत्न केला किंवा जायची परवानगी जरा जास्त जोर लावून मागितली म्हणून आत टाकलेले लोक पश्चिम जर्मनीचं सरकार पैसे मोजून सोडवून घ्यायचं, साठच्या दशकापासून 1989 पर्यंत जवळजवळ 33,000 माणसं, आणि त्यातली बहुतेक या कासबर्गच्या जेलमधून गेली. आधी इथे आणून थोडं खाऊपिऊ घालून अंगावर मांस चढवायचे, मग बसने सीमेपलीकडे. पोराला पाळणाघरात सोडताना तुम्ही त्या भिंतीच्या कडेने जायचात. काय चालतं ते अर्धवट माहीत होतं, विचारलं कोणीच नाही. हे तुम्ही मान वर करून सांगितलंत, रडून नाही.

बरं, आजोबांचा व्हिडिओ कॉल. मला वाटलं दहा मिनिटं रामराम होईल. आजोबांनी थेट विचारलं, तुमच्याकडे युनियन होती? हो, जवळपास सगळेच मेंबर. काय करायची? तुम्ही म्हणालात, समुद्रावर सुट्टीची खोली द्यायची, नंबर लागला तर. आजोबा खूश, "आमाला तर युनियननं गेटवर उभं केलं, समुद्र आपला गिरगावचा." मग विचारलं, आणि संप? मी भाषांतर केलं आणि तुम्ही मला म्हणालात, त्यांना नीट सांग. 1949 च्या घटनेत संपाचा हक्क लिहिला होता. 1953 च्या जूनमध्ये बर्लिनच्या बांधकाम कामगारांनी वाढवलेल्या कामाच्या कोट्याविरुद्ध काम बंद केलं, देशभर पसरलं, आणि सोव्हिएत रणगाडे आले. 1968 च्या नव्या घटनेत तो हक्कच गायब. कामगारांचं राज्य आहे तर कामगार संप कोणाविरुद्ध करणार, असं सांगायचे.

आजोबा म्हणजे 1982 च्या संपातले हो. अडीच लाख गिरणी कामगार, डॉक्टर सामंतांचा संप, जो कधी रीतसर मिटलाच नाही. भांडीकुंडी विकून गावाला परतलेला माणूस, हरलेला, पण संप केला म्हणून आजही मिशीला पीळ देणारा. बराच वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "मालक वाईट असला तर गेटवर बोंब मारता येती. सरकारच मालक म्हटल्यावर बोंब मारायची कुठं?" तुम्ही लगेच उलट विचारलंत, संपात पोरांना काय खायला घातलंत? आणि मग तुमची गिरणी कशी बंद झाली ते सांगितलंत, 1990 ला पश्चिमेचं चलन आलं आणि वर्षभरात ऑर्डरी संपल्या, जिथे पाहिजे ते बोलायचं स्वातंत्र्य मिळालं आणि ऐकायला कोणी मॅनेजरच उरला नाही. दोघं गिरणीवाले, मध्ये मी, दोन्हीकडून शिव्या खात होते की भाषांतर हळू करतेस. स्पिंडलला मराठीत आणि जर्मनमध्ये काय म्हणतात ते मला कुठे येतं, हाताने करून दाखवत होते.

आजोबांनी लेनिनचा फोटो काढला नाही, ते काही त्यांच्याने होणार नाही. पण त्यानंतर गावात कोणी "तिकडं रशियात, जर्मनीत" असं सुरू केलं की ते म्हणतात, थांब, माझी तिथं वळखीची एक बाई हाय. तुमच्या युनियनच्या पुस्तकाचा, ते वर्गणीची तिकिटं चिकटवलेलं, फोटो त्यांनी प्रिंट करून घेतलाय.

अजून एक गोष्ट लिहितेच, तुम्ही रागावणार नाही. मे 1989 ची निवडणूक. तिथे मतदान म्हणजे छापील यादी घ्यायची, घडी घालायची, पेटीत टाकायची. नको असेल तर कोपऱ्यातल्या पडद्यामागे जाऊन एकेक नाव खोडायचं, आणि पडद्यामागे कोण गेलं ते सगळा हॉल बघत असायचा. तुम्ही त्रेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा पडद्यामागे गेलात, तिथली पेन्सिल बोथट होती म्हणून पर्समधलं पेन काढलंत. निकाल लागला 98.85 टक्के बाजूने. नंतर उघड झालं की आकडे फिरवले होते, पण तुमचं म्हणणं, राहिलेल्या 1.15 टक्क्यात मी आहे, हे तरी त्यांनी खरं छापलं. पुढे 1992 पासून श्टाझीच्या, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांच्या, फायली बघायला मिळायला लागल्या, तुमची अगदी पातळ निघाली, मावशीच्या भेटी, पार्सलमधली जीन्स, आणि एक शेरा, "जीभ तिखट". तेवढं पान तुम्ही फ्रेम करून किचनमध्ये लावलंय. मला वाटतं सरकारने तुमच्याबद्दल लिहिलेलं ते एकमेव बरोबर वाक्य आहे.

मला आता श्टुटगार्टला नोकरी लागलीय, तुम्हाला माहीतच आहे. इथे शेजारी चांगले आहेत पण कोणी पातेलं ठेवून पळत नाही. आईने तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी दिलीय, तिखट जरा कमी करायला सांगितलं होतं, तिने ऐकलेलं दिसत नाही. नाताळात येतेय, त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी माझ्या नावावर लावा, आणि आजोबांचे नवीन प्रश्न आलेत, दोन पानं आहेत, तेव्हा दुपारची झोप आधीच उरकून घ्या.

तुमची,
वरच्या मजल्यावरची