पिंपळानं गिरणी पाडली नाही, साहेब!

माननीय मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गिरणगावावरच्या छायाचित्र प्रदर्शनाचं उद्घाटन आपल्या हस्ते झालं, अभिनंदन. मीही पाहून आलो. पडकं छप्पर, गंजलेले साचे, भिंत फोडून आलेला पिंपळ, उन्हाच्या तिरिपेत कबुतरं. फोटो देखणे आहेत, वाद नाही. पण अख्ख्या दालनात एक माणूस नाही!

माझे वडील साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात तेही. पुन्हा कामावर घेतलंच नाही. आईनं खानावळ चालवून आम्हाला वाढवलं. साच्यावर उभे असलेले वडील आमच्याकडे एकाही फोटोत नाहीत. कामगाराला कॅमेरा कुठला परवडणार? आता त्याच गिरणीत लग्नाळू जोडप्यांचं शूटिंग चालतं, तासावर भाडं. मी गेटवर गेलो तर वॉचमन हाकलतो.

असल्या फोटोंनी लोकांना वाटतं, गिरण्या वय होऊन मेल्या, वस्ती उठून गेली, मग टॉवर झाले तर बिघडलं कुठं? अमेरिकेतल्या डेट्रॉइटचंही हेच केलं. ओसाड कारखाने जगभर दाखवले. 2010 च्या जनगणनेत तिथं सात लाखांवर माणसं होती. इथं तर गिरणीसमोरच्या चाळीत एकेका खोलीत सहा-सात जण आहेत. कॅमेरा नुसता मागं वळवायचा होता.

1991 च्या नियमानं गिरण्यांच्या जमिनीचा एक हिस्सा पालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला होता. 2001 मध्ये सरकारनं ती वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती केली, गिरणीच्या इमारतींखालची जमीन वाटणीबाहेर. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते मान्य केलं. त्या कागदाचा फोटो लावा की! का त्यावर ऊन चांगलं पडत नाही?

गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास, मिळाली पंधरा-वीस हजारांना. आकडा थोडा चुकला असेल तर आपण दुरुस्त करा, आपल्याकडे फायली आहेत. उरलेल्यांना आता मुंबईबाहेर, शेलू-वांगणीतली घरं दाखवताय. सरकारं बदलली, युनियनचे पुढारी बदलले, बिल्डर मात्र सगळ्यांचे तेच. आमच्या मतदारयादीतल्या फोटोंची तेवढी दर पाच वर्षांनी आठवण होते.

प्रत्येक फोटोखाली गिरणी कधी बंद पडली, जमीन कुणाला गेली आणि कामगारांची किती देणी राहिली, एवढं छापा. उत्तर लेखी पाठवा. आपल्या हसऱ्या फोटोचं पत्रक नको, ती घरी ढीगभर आहेत.

आपला,
लालबागचा एक गिरणी कामगार वारस